चॉकलेट काळंच हवं

३ फेब्रुवारी, सकाळ

डॉक्टर म्हणाले, राग मनात साठवू नका, बीपी वाढतं. मग कुठं साठवायचा ते सांगितलं नाही. म्हणून ही वही. रोज लिहायचं. शांतपणे लिहायचं. कोणाबद्दल वाईट लिहायचं नाही.

सुरुवात व्याह्यांपासून.

काल रविवार, म्हणून ते आले. सूनबाईचे वडील. दातांचे डॉक्टर होते, आता रिटायर आहेत, पण दुसऱ्याच्या तोंडात डोकवायची सवय गेलेली नाही. सूनबाई खालच्या खोलीत, जिथं पूर्वी माझी स्कूटर असायची तिथं, चॉकलेट बनवते. डार्क चॉकलेट. व्याह्यांनी वडी तोडली, डोळे मिटले, आणि म्हणाले, वा, काय लालसर छटा आहे, फळासारखा आंबटपणा आहे. डोळे मिटून छटा कशी दिसली ते विचारायचं राहून गेलं.

मीही वडी बघितली. कुंडीच्या रंगाची. याला डार्क म्हणतात? डार्क म्हणजे काळं, हे सातवी शिकलेल्या माणसालाही कळतं. मी सातवी शिकलोय.

आणि आंबट चॉकलेट हे चॉकलेट नव्हे. ती चूक आहे.

४ फेब्रुवारी

मुलानं बातमी सांगितली. पाच दुकानं असलेल्या एक बाई बावीस तारखेला चव घ्यायला येणार आहेत. त्यांनी माल घ्यायचं ठरवलं तर खालची खोली चालू राहील. नाही घेतला तर यांना या घराचं भाडं परवडत नाही. सगळं बंद करून दोघं व्याह्यांकडे राहायला जाणार. तिथं खोल्या रिकाम्या आहेत म्हणे. तुम्हीही चला बाबा, असं वर म्हणाला, जणू पिकनिकला.

मी मुलाचा बाप आहे. मुलीच्या बापाच्या घरात राहू? सकाळी उठून त्या माणसाला विचारू, बाथरूम रिकामं आहे का?

संकल्प : चॉकलेट आपणच यशस्वी करून दाखवायचं. घर वाचवायचं. कोणी आभार मानले तर मान हलवायची, जास्त बोलायचं नाही.

जेवणाला आजही चव नव्हती. गेली चार-पाच वर्षं सगळ्यांच्याच हातची चव गेली आहे. हॉटेलांचीही. काळ बिघडलाय.

६ फेब्रुवारी

कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्याकडे गेलो. त्याचा केक शाईसारखा काळा असतो. गुपित विचारलं. आजोबा, त्यात गुपित कसलं, असं म्हणाला. (आजोबा! याचं स्वतःचं टक्कल माझ्यापेक्षा मोठं आहे.) त्यानं कोको पावडरचा डबा दाखवला. त्यावर बारीक अक्षरात छापलेलं : अल्कली प्रक्रिया केलेली. म्हणाला, कोकोची बी मुळात आंबट, रंग विटकरी. क्षाराच्या पाण्यात मुरवली की आम्ल मरतं, आंबटपणा उतरतो, रंग गडद होत जातो. बेतानं दिला तर मऊ चव, जास्त दिला तर काळाकुट्ट रंग. मी विचारलं, क्षार म्हणजे सोडाच ना? म्हणाला, त्याच जातीतला.

मी डबा खाली ठेवला. हसूच आलं मला. सोडा! एकतीस वर्षं साबणाच्या कारखान्यात काढली मी. सोडा माझ्या नाकातोंडात गेलेला आहे. आणि मीच घरात अडाणी.

त्यानं पाव घ्यायला लावला. शिळा होता. चव नव्हती.

७ फेब्रुवारी

सूनबाईला शांतपणे सांगितलं. ती चक्की पुसत होती. तिच्याकडे दगडी चक्की आहे, दोन दिवस अखंड घरघरते, माझी दुपारची झोप तिनंच खाल्ली आहे. सूनबाई म्हणाली, बाबा, क्षाराचं मला माहीत आहे. आंबटपणा जातो, पण त्याच्याबरोबर बीची स्वतःची चवही जाते. मला तीच ठेवायची आहे.

स्वतःची चव म्हणे! बीला काय घराणं असतं?

मी म्हणालो, लोक रंग बघून घेतात. ती म्हणाली, लोक रंग बघून उचलतात बाबा, चव बघून परत येतात. हे वाक्य तिच्या वडिलांचं आहे. मी ओळखलं.

१० फेब्रुवारी

प्रयोग केला. भाजलेल्या बियांचा मूठभर चुरा तिच्या डब्यातून घेतला (चोरी नव्हे, घरातलंच आहे). कोमट पाण्यात एक चमचा खाण्याचा सोडा. चुरा टाकताच फसफसलं. आम्ल मरत होतं. बघून बरं वाटलं. काहीतरी मरताना दिसलं की आपण काम करतोय असं वाटतं.

पाणी काढून चुरा खिडकीत माझ्या बनियनवर वाळत घातला. बनियन गेलं. तव्यावर परतला, मिक्सरमधून काढला, साखर घातली. धूर थोडा झाला. शेजारीण दोनदा बेल वाजवून गेली, तिला दुसरा उद्योग नाही.

पण रंग! विटकरीचा गडद तपकिरी झाला. एका चमच्यात!

मुलाला दिलं. मोबाइलमधून डोकं न काढता म्हणाला, हं, मऊ लागतंय, आंबट नाही. सूनबाईनं चाखलं आणि म्हणाली, घराला छान रंग दिलाय बाबा, पण आतली माणसं निघून गेली आहेत.

छान रंग दिलाय असं म्हणाली. पुढचं चक्कीच्या आवाजात नीट ऐकू आलं नाही.

१२ फेब्रुवारी

व्याही मधल्या वारीच आले. कोणीतरी धुराचं कळवलं असणार.

माझं चॉकलेट चाखून म्हणाले, व्याहीबुवा, रंग झकास, बाकी पुठ्ठा. मी म्हणालो, तुम्ही दात काढले लोकांचे, तुम्हाला चवीतलं काय कळणार? तर सगळ्यांसमोर त्यांनी विषय काढला, की मागे त्यांच्याकडे माझ्या चहात साखरेऐवजी मीठ पडलं होतं आणि मी पूर्ण कप प्यालो, वर बशीही. तुमच्या जिभेला रंगच कळतो, असं म्हणाले. मुलगा हसला. माझा मुलगा!

मी सभ्यपणे प्यालो होतो. पाहुण्यांच्या घरी चहा खारट आहे असं ओरडायचं नसतं. याला जीभ गेली म्हणत नाहीत, संस्कार म्हणतात.

आणि समजा, समजा, थोडी चव कमी लागत असेल, तर वरची कवळी कोणी केली? अख्खा टाळू झाकणारी? यांनीच! आधी माणसाचा टाळू बुजवायचा आणि मग विचारायचं, चव कशी आहे.

जाताना आणखी एक टोमणा. तुम्ही कारखान्यात पॅकिंगला होतात ना? सोड्याच्या टाकीकडे कोणी सोडत होतं का?

वेष्टन हा साबणाचा चेहरा असतो. एकतीस वर्षांत माझ्या हातच्या वडीचा एक कोपरा सुटलेला कोणी दाखवावा. आणि टाकी आमच्या खिडकीतून स्पष्ट दिसायची.

बीपी वाढलंय. वहीचा उपयोग नाही.

१५ फेब्रुवारी

उद्या दोघं व्याह्यांकडे जेवायला जाणार. मलाही बोलावणं आहे. मी पोट बरं नाही म्हणून सांगितलं. पोट उत्तम आहे.

बाईंसाठीच्या बॅचचा सगळा चुरा सूनबाईनं मोठ्या डब्यात काढून ठेवला आहे. परवा चक्कीत टाकणार.

संकल्प : रागाच्या भरात काही करायचं नाही. थंड डोक्यानं करायचं.

१६ फेब्रुवारी, दुपार

केलं.

दोघं निघाल्या-निघाल्या डबा न्हाणीघरात नेला. हिशेब साधा. एक चमचा सोड्यानं मूठभर चुरा तपकिरी झाला. आपल्याला काळा पाहिजे, आणि चुरा डबाभर. म्हणजे सोडा मगभर. खाण्याचा सोडा तेवढा नव्हता. धुण्याचा होता. सोडा तो सोडा. धाकट्या भावाकडे काम होत नसेल तर थोरल्याकडे जायचं.

पाण्याचा रंग आधी चहासारखा, मग गटारासारखा, मग कोळशासारखा. काठीनं ढवळत राहिलो. असं समाधान रिटायर झाल्यापासून मिळालं नव्हतं. चुरा चादरीवर पसरला, पंखा पाचावर. काळा म्हणजे काळा! बघताना डोळे निवले.

एक गंमत. बादली धुवायला घेतली तर घासावंच लागलं नाही. नुसत्या पाण्यानं लखलखली. फरशीवर पाणी सांडलं होतं तिथंही एक पांढरा स्वच्छ पट्टा उमटलाय. इतकी वर्षं मळकट होती ती फरशी. चांगल्या कामाला सगळीकडून यश येतं.

चादर गेली.

१७ फेब्रुवारी

सूनबाईनं डबा उघडला. उभीच राहिली. मग वर येऊन विचारलं, बाबा, चुऱ्याला हात लावलात का? मी म्हणालो, हात लावला नाही. खरं आहे. काठीनं ढवळला होता.

तिनं माझ्याकडे बघितलं. मी पेपरकडे बघितलं. दमट हवेनं झालं असेल असं म्हणालो. ती म्हणाली, असेल. नवीन बिया यायला महिना लागतो, आता आहे तेच दळून बघते.

चक्की सुरू. आज मला घरघर गोड वाटते आहे.

१९ फेब्रुवारी

सूनबाईनं चक्कीतलं चाखलं आणि धावत बेसिनकडे गेली. मुलानं चाखलं. तोही गेला. नवराबायकोचं इतकं एकमत मी प्रथमच पाहिलं.

मी चाखलं. मला तर काही वाईट लागलं नाही. गुळगुळीत, सौम्य. काहीच टोचत नाही. खरं तर काहीच नाही. चांगल्या चॉकलेटनं उगाच बोलू नये, हीच त्याची खूण.

तरी तिनं साच्यात ओतून घेतलं, घट्ट झाल्यावर पुन्हा बघू म्हणून. घट्ट झाल्यावर पुन्हा बेसिन. सगळ्या वड्या केराच्या डब्याशेजारी खोक्यात. आता मागच्या बॅचच्या थोड्या लाल वड्या शिल्लक आहेत, त्याच बाईंना देणार. मला कोणी काही म्हणालं नाही. ओरडली असती तर दोन शब्द मलाही बोलता आले असते. चक्कीचे दगड घासत बसली होती. मी विचारलं, चहा करतेस का? म्हणाली, करते.

साखर घातली नव्हती, असं वाटलं. असेलही घातलेली.

२१ फेब्रुवारी

रात्रभर विचार करून ठरवलं. या घरात धाडस कोणातच नाही. कुंडीच्या रंगाच्या वड्या बघून बाई हात तरी लावतील का? आणि त्या गेल्या की आम्ही बोऱ्याबिस्तर घेऊन त्या दातवाल्याच्या दारात.

केराशेजारचं खोकं माझ्या खोलीत आणलं. सोनेरी कागद दुकानातून आणला, पट्टी, कात्री काढली. बोटं विसरलेली नाहीत. चार घड्या, दोन कोपरे आत, अंगठ्याचं नख फिरवायचं. वडी न फिरवता कागद फिरवायचा, ही माझी स्वतःची पद्धत. कारखान्यात नवीन आलेल्यांना मी शिकवायचो. दुपार कशी गेली कळलं नाही. आरशासारख्या झाल्या. माणसानं वडी उघडूच नये असं वाटेल.

उद्या बघून घ्या.

२२ फेब्रुवारी, संध्याकाळ

घडलं ते जसंच्या तसं लिहितो, म्हणजे पुढे कोणी माझ्यावर ढकलायला नको.

बाई वेळेवर आल्या. सूनबाईनं लाल वड्या पांढऱ्या कागदात, साध्या बशीत ठेवल्या होत्या. ती पाणी आणायला आत गेली, मुलगा गाडी लावायची जागा दाखवायला बाहेर. मी माझा ट्रे पुढे केला.

बाई थांबल्याच. वडी उचलून उलटसुलट बघितली. कोपऱ्यावरून बोट फिरवलं. हे कोणी केलं, असं विचारलं. मी मान हलवली, जास्त बोललो नाही. संकल्पच तसा होता. बाईंनी कागद न फाडता उघडला, काळा रंग बघून भुवया वर केल्या, आणि मोठा तुकडा तोंडात टाकला.

दोनदा चावलं आणि पाण्यासाठी हात पुढे केला.

सूनबाई पाणी घेऊन आली ते बरं झालं, कारण बाईंनी ग्लास तिच्या हातातून ओढूनच घेतला. मुलगा म्हणतो त्यांच्या तोंडाला फेस आला. अतिशयोक्ती. मी समोर होतो. फक्त ओठाच्या कोपऱ्यात, थोडासा.

बाई म्हणाल्या, हा साबण आहे. रागानं नव्हे, माहिती दिल्यासारखं म्हणाल्या. सूनबाईनं माझ्याकडे बघितलं, ट्रेकडे बघितलं, आणि तिला सगळं कळलं. तिनं हात जोडून आपली लाल वडी पुढे केली. बाईंनी चाखली, दोनदा चाखली, आणि म्हणाल्या, माफ करा, आता तोंडाला काहीच कळत नाही, सगळं एकच लागतंय.

म्हणजे दोष कोणाच्या जिभेत आहे ते स्पष्ट आहे.

गेल्या. जाताना सोनेरी कागदाची घडी करून पर्समध्ये ठेवली, ते कोणी पाहिलं नाही. मी पाहिलं.

नंतर मुलगा ओरडला. मीही ओरडलो. सूनबाई एवढंच म्हणाली, बाबा, मी तुम्हाला विचारलं होतं.

मी म्हणालो, हात लावला नव्हता. काठी.

२३ फेब्रुवारी

व्याह्यांनी दरबार भरवला. माझ्याच घरात, माझ्याच खुर्चीवर बसून.

म्हणाले, तेलातुपाला भरपूर क्षार भेटला की साबण होतो. कोकोत लोणी असतं, व्याहीबुवा. एकतीस वर्षं तुम्ही काय गुंडाळत होता? मी म्हणालो, मी साबण गुंडाळत होतो आणि तो साबण कोणी खाल्ला नाही. बिनतोड उत्तर होतं. कोणी दाद दिली नाही.

मग त्यांनी पैज लावली. माझे डोळे रुमालानं बांधले. तोंडात तीन तुकडे, एकेक करून. काळं चॉकलेट, लाल चॉकलेट आणि तिसरं काय ते सांगणार नाही म्हणाले. मी ठामपणे सांगितलं : पहिलं लाल, घाणेरडं आंबट. दुसरं माझं, उत्तम. तिसरंही माझंच, पण जरा जास्त मऊ.

पहिलं माझं होतं. दुसरं लाल. तिसरा उकडलेला बटाटा.

मुलगा या वेळी हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं. व्याहीही हसले नाहीत, नुसतं म्हणाले, कधीपासून आहे हे? असा प्रश्न विचारायला त्यांना लाज वाटायला हवी होती.

डोळे बांधल्यावर चव कशी कळणार? हा साधा मुद्दा कोणाच्या डोक्यात आला नाही.

महिनाअखेर घर सोडायचं ठरलं. मी येणार नाही असं स्पष्ट सांगितलं. इथंच राहीन, एकटा. माझं मी करून खाईन.

२५ फेब्रुवारी

माझं मी करून खाल्लं. मुलगा म्हणतो भाजीत मीठ दोनदा पडलंय. त्यानं चाखली कशाला?

२८ फेब्रुवारी

सामान बांधलं. माझंच बांधून सगळ्यात आधी झालं. खोक्यांचे कोपरे बघून हमाल म्हणाला, काका, कंपनीत होता काय? याला म्हणतात नजर.

न्हाणीघरातला तो पांढरा पट्टा तसाच आहे. नवीन भाडेकरूंना त्याचा अर्थ कळणार नाही.

१६ मार्च, व्याह्यांचं घर

लिहायला वेळ होत नाही. कामाचा व्याप.

बाईंचं पत्र आलं होतं. जीभ ताळ्यावर आल्यावर एकदा पुन्हा येईन, चॉकलेट सूनबाईचं, वेष्टन मात्र त्या दिवशीचंच हवं. त्या परवा आल्या. लाल वडी खाल्ली, डोळे मिटले, अर्धा तास बसल्या, आणि एका दुकानापुरता माल घेते म्हणाल्या. सगळ्यांनी एकमेकांना मिठ्या मारल्या. मी मान हलवली.

चक्की आता व्याह्यांच्या मागच्या खोलीत आहे. मी पॅकिंग विभागाचा प्रमुख आहे. विभागात मी आणि व्याही. ते खोकी जोडतात. कोपरे भयंकर. दात कसे बसवले असतील याची कल्पना येते, मला तर अनुभवच आहे. नवी कवळी करून देतो, टाळू मोकळा ठेवून, असं दोनदा म्हणाले. मी नको म्हणालो. लागली एखाद्या दिवशी लाल वडी चांगली, तर मी कुठं जाऊ?

प्रत्येक वडीवर सूनबाईनं नवीन लेबल छापून घेतलंय : क्षारप्रक्रिया केलेली नाही. ते बरोबर मधोमध चिकटवायचं. दिवसभर तेच वाक्य माझ्या अंगठ्याखालून जातं.

उरलेल्या काळ्या वड्या न्हाणीघरात ठेवल्या आहेत. व्याही रोज हात धुतात आणि चढ्या आवाजात तारीफ करतात. फेस कमी आहे. पण रंग टिकून आहे.

आज त्यांनी माझी एक वडी उचलून सगळ्यांना दाखवली. लेबल वाकडं आहे म्हणाले. मी म्हणालो, अशक्य. जिभेबद्दल लोक काहीही बोलोत, माझ्या डोळ्यांवर माझा भरवसा आहे. मग मुलानंही बघितलं. सूनबाईनंही बघितलं, आणि बाबा, थोडंसंच, असं म्हणाली.

उद्या डोळे तपासायला जायचं आहे. व्याहीच नेणार आहेत.